माळ खुंटीवर, पखवाज गवसणीत

आदरणीय बाई, सा. न. वि. वि.

आम्ही बार्शी तालुक्यातले. घर माळकरी. सासरे, म्हणजे आमचे आबा, 31 वर्षं पायी वारी करतात. मुलगा यंदा दहावीला आहे. तो सहा वर्षांचा असताना आबांनीच त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. रोज दिवेलागणीला आबा हरिपाठ म्हणणार आणि हा पखवाज वाजवणार, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.

जूनमध्ये शाळेत उत्क्रांतीचा धडा झाला. मग मोबाईलवर काय काय बघत बसायला लागला. एका संध्याकाळी आबांना म्हणाला, "आबा, जीव रसायनांपासून आपोआप झाला, विज्ञानाने सिद्ध केलंय. देव वगैरे काही नसतो. मला खोटं खोटं वाजवायचं नाही." गळ्यातली माळ काढली आणि विठोबाच्या तसबिरीशेजारच्या खुंटीला अडकवली. ह्यांनी उठून त्याच्या कानफटात दिली. आबा एक शब्द बोलले नाहीत. दरवर्षी हा वाखरीला जाऊन आबांना गाठतो आणि पंढरपूरपर्यंतचा शेवटचा टप्पा दोघं मिळून चालतात. यंदा गेला नाही. आता आबा हरिपाठ मनातल्या मनात म्हणतात. पखवाज गवसणीत आहे.

पोरगा मला विचारतो, "आई, तू सांग, देव आहे का?" मी बी.कॉम. मला ना शास्त्र कळत, ना शास्त्रं. जीव कसा झाला हे विज्ञानाला खरंच कळलंय का? त्याला माळ परत घालायला लावू का? हे म्हणतात, पोरगं अंनिसवाल्यांच्या नादी लागलंय.

ता. क. 2021 च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ करोनात गेला. देवापुढे दिवा मीच लावते, पण तेव्हापासून हात जोडले तरी आत काही हलत नाही. हे घरात कुणाला माहीत नाही. पत्र छापलंत तरी चालेल, नाव छापू नका.

— एक आई


ताई,

पत्रं मी ता. क.पासून वाचते. खरी गोष्ट माणसं तिथे लिहितात, पाकीट चिकटवायच्या आधी. तुमचीही तिथेच आहे. पण ती शेवटी घेऊ. आधी पोराच्या विज्ञानाचा हिशोब करायला हवा, कारण त्यात चूक आहे. आबांशी वागण्यात काय चुकलं ते नंतर.

मी 27 वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. उत्क्रांतीचा धडा आला की दरवर्षी एखादं पोर हात वर करायचं: "बाई, मग पहिला जीव कुठून आला?" माझं उत्तर ठरलेलं होतं. "ते बारावीला आहे." फळा पुसायचा, पुढचा धडा. त्यातली निम्मी पोरं बारावी सायन्सपर्यंत पोचणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक असायचं. तेव्हा काही वाटलं नाही, आता वाटतं. तुमच्या लेकाच्या बाईंनीही बहुधा तेच केलं असणार आणि उरलेलं मोबाईलने सांगितलं. तेव्हा माझ्या त्या सगळ्या पोरांचं राहिलेलं उत्तर आज तुमच्या लेकाला देते. वाचून दाखवा.

त्याने दोन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली आहे. एक गोष्ट, एका जीवापासून दुसरे, हजार, लाख प्रकारचे जीव कसे झाले. ती उत्क्रांती. तिच्याबद्दल आज शंका घ्यायला जागा नाही. देवमाशाच्या पोटात मागच्या पायांची हाडं दडलेली सापडतात. आपल्याला शेपूट नाही, तरी कण्याच्या टोकाला तिचा अवशेष आहेच, आणि मराठीने त्याला सरळ 'माकडहाड' म्हणून टाकलंय. धड्यात असे पुरावे आहेत. डार्विनचं पुस्तक 1859 चं. पण दुसरी गोष्ट, मुळात पहिला जीव कसा झाला, तिच्याबद्दल खुद्द डार्विनने त्या पुस्तकात सिद्धान्त मांडलेला नाही. पुढे 1871 मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने अंदाज केला, की एखाद्या कोमट डबक्यात, अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, उजेड, उष्णता, वीज हे सगळं एकत्र येऊन कदाचित... तो 'कदाचित'च होता.

आता आबांना एक गोष्ट विचारा. चार खाणी कोणत्या? ते पटकन सांगतील: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. वारेतून होणारे, अंड्यातून होणारे, घामातून होणारे, जमीन फोडून येणारे. यातली स्वेदज ही खाण म्हणजे आई-बापांशिवाय, नुसत्या उबेतून आणि ओलीतून झालेले जीव: उवा, ढेकूण, किडे. ग्रीकांनाही असंच वाटायचं. माझी आजी तुरीच्या डाळीत सोंडे झाले की म्हणायची, "आपोआप पडतात, हवाच तशी आहे." गंमत बघा, 'जीव आपोआप होतो' हे ऐकून आज आबांना धक्का बसला, पण त्यांच्या परंपरेत एक अख्खी खाण 'आपोआप'ची होती आणि तिच्यामुळे कुणाच्या देवाला बाधा आली नव्हती.

विज्ञानाने आधी हा 'आपोआप' मोडून काढला, हे तुमच्या लेकाला सांगा. 1668 मध्ये रेडी नावाच्या इटालियन वैद्याने काही बरण्यांत मांस ठेवून त्यांतल्या काहींच्या तोंडाला जाळीदार फडकं बांधलं. उघड्या बरणीत अळ्या झाल्या, झाकलेलीत नाहीत. माशी बसली तरच अळी. 1860 च्या आसपास लुई पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे चंबू घेतले, त्यांत रस उकळला. हवा आत जात होती, धूळ वाकणातच अडकत होती. रस नासला नाही. मान मोडली की नासला. जीवापासूनच जीव होतो, हे ठरलं. आणि ते ठरलं तिथेच तुमच्या लेकाचा प्रश्न जास्त अवघड झाला. जीवापासूनच जीव, तर पहिल्याचं काय?

1924 मध्ये रशियात ओपॅरिनने आणि 1929 मध्ये इंग्लंडात हाल्डेनने स्वतंत्रपणे मांडलं, की सुरुवातीच्या पृथ्वीवर मोकळा ऑक्सिजन नव्हता, अशा हवेत विजा आणि ऊन यांच्या जोरावर साधी रसायनं एकत्र येऊन पाण्यात साठली असतील आणि त्या कढणातून जीव झाला असेल. (हा हाल्डेन पक्का नास्तिक. 1957 मध्ये तो भारतात आला, इथला नागरिक झाला, 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला आणि देह वैद्यकीय कॉलेजला देऊन गेला.) मग शिकागोत स्टॅन्ली मिलर नावाच्या विद्यार्थ्याने हे करूनच बघितलं. काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, खाली उकळतं पाणी, वर विजेच्या ठिणग्या. आठवडाभराने पाणी रंगलं आणि त्यात अमिनो आम्लं सापडली, आपल्या अंगातली प्रथिनं ज्यांची बनतात ती. 1953 मध्ये हे छापून आलं. मोबाईलवर तुमचा लेक जे बघतो आहे ते नव्वद टक्के इथेच थांबत असणार, पाठीमागे मोठं संगीत लावून.

पण विटा पडल्या म्हणजे वाडा उभा राहिला असं होत नाही. पुढे लक्षात आलं, की त्या काळची हवा मिलरच्या उपकरणातल्यासारखी नसावी, तिच्यात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावा. अमिनो आम्लं मग अशनीतही, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडातही सापडली, 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ पडलेल्या दगडात. म्हणजे विटा विश्वात मुबलक आहेत. गवंडी कोण, हा प्रश्न उरतो. पेशीला स्वतःची नक्कल करायला डीएनए लागतो, डीएनएची नक्कल करायला प्रथिनं लागतात, प्रथिनं करायला डीएनएतली कृती लागते. आधी काय? 1980 च्या दशकात चेक आणि ऑल्टमन या दोन शास्त्रज्ञांना आढळलं, की आरएनए हा रेणू माहितीही सांभाळतो आणि प्रथिनासारखी कामंही करतो. त्याबद्दल 1989 चं नोबेल मिळालं. तेव्हापासून अनेकांना वाटतं, आधी आरएनएचं राज्य असावं. तो पहिला आरएनए कुठे झाला, जमिनीवरच्या सुकणाऱ्या-भरणाऱ्या डबक्यांत की समुद्रतळाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी, यावर अजून भांडणं चालू आहेत. छान, जोरदार भांडणं. पृथ्वी 454 कोटी वर्षांची, जीवाच्या भरवशाच्या खुणा साधारण 350 कोटी वर्षांपासूनच्या. मधल्या काळात काय घडलं, याचा धागा जुळवता आलेला नाही.

आपल्या जयंत नारळीकरांचं नाव तुमच्या लेकाने ऐकलं असेल. जीव अवकाशातून पृथ्वीवर आला असेल, या कल्पनेचा त्यांनी प्रयोग करून शोध घेतला. 2005 च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून मोठा फुगा सोडला, 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. नमुने हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत तपासले. त्यांत जिवाणू सापडले, तीन जाती तर नव्याच. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. पण 2009 मध्ये हे जाहीर करताना त्यांनी 'जीव आकाशातून आला हे सिद्ध झालं' असं म्हटलं नाही. जमिनीवरूनही ते वर गेले असू शकतात, ही शक्यता उघडी ठेवली. आणि खरोखर वरून आला असला, तरी तिथे कसा झाला हा प्रश्न उरतोच; नुसता पत्ता बदलतो.

तर, विज्ञानाला खूप कळलंय आणि हे कळलेलं नाही. लेकाच्या वाक्यातला 'सिद्ध केलंय' हा शब्द कच्चा आहे.

कच्चा म्हटलं आणि तेर आठवलं. तुमच्यापासून काही लांब नाही. गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता. मुक्ताईने थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. नामदेव कळवळले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. देव ज्यांच्याशी बोलायचा, ज्यांच्या हातचा नैवेद्य खायचा, ते कच्चे! सगळ्यांत जास्त खात्री ज्यांना होती तेच. मग औंढ्याला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, आणि म्हणतात, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. ही कथा आबांनी शंभर वेळा कीर्तनात ऐकली असेल. तुमच्या घरात सध्या दोन मडकी आहेत, एक पंधरा वर्षांचं आणि एक पंचेचाळीसच्या आसपासचं, आणि कानफटात मारणारं मडकं मला जास्त कच्चं वाटतं. आबांबद्दल मला तसं वाटत नाही. जो माणूस चिडत नाही, नुसता आवाज मिटून घेतो, त्याला काहीतरी आत लागलंय.

कुंभाराचा विषय निघालाच आहे तर 'देव आहे का' याकडे येते. आपल्याकडचा सगळ्यांत जुना-जाणता पुरावा कुंभाराचाच आहे. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी तो बांधून काढला: मडकं आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग हेही कार्य आहे, म्हणजे त्याला कर्ता आहे. पुढे इंग्रजांनी मडक्याच्या जागी घड्याळ ठेवलं, बाकी युक्तिवाद तोच. आबा किंवा तुमचे यजमान, कुणीतरी कधीतरी हे म्हणणारच. याला चांगलं उत्तर आहे आणि ते उत्क्रांतीनेच दिलंय. मडक्याला पिल्लं होत नाहीत. जिवंत गोष्टींना होतात, ती थोडीथोडी वेगळी होतात, जी टिकतात त्यांची पुढे होतात. इतकं झालं की कुंभाराशिवायही डोळा घडतो, पंख घडतो. पण पहिलं पिल्लू देणारी गोष्ट कशी घडली हे मात्र याने सुटत नाही, ते वर सांगितलंच. तिथे आबांना म्हणावंसं वाटेल, "बघ, तिथे देव आहे." त्यांना हात जोडून सांगा, तिथे नका बसवू. आज कळत नाही म्हणून त्या खोलीत देव ठेवला आणि उद्या एखाद्या पोरीने प्रयोगशाळेत ते करून दाखवलं, तर खोली रिकामी करावी लागेल. अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेल्याला भाड्याच्या खोलीत कशाला ठेवायचं?

आणि कर्ता मानला नाही म्हणजे धर्म बुडाला, असंही आपल्याकडे नव्हतं. कुमारिल भट्ट वेदांचे केवढे कैवारी, पण जगाचा कोणी निर्माता आहे हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी ते खोडून काढलंय. हे लेकाला आवडेल. मात्र दशावतार म्हणजेच उत्क्रांती, आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं, असं सांगणारा व्हिडिओ कुणी पाठवला तर तो पुढे ढकलू नका. त्यात कासवाला हमखास उभयचर म्हणतात. कासव सरपटणाऱ्या प्राण्यांत येतं. माझ्या वर्गात असतं तर अर्धा मार्क गेला असता.

माझं स्वतःचं मत विचाराल, आणि तुम्ही विचारलंयच, तर मला वाटतं, नाही. वयाच्या तिशीपासून असंच वाटत आलंय. आई असेपर्यंत तिला दरवर्षी पंढरपूरला नेलं, रांगेत उभी राहिले, पायावर डोकंही ठेवलं, गार दगड लागला. शेजारी आईचा चेहरा बघितला तर तिला दगड लागला नव्हता. तिला काय लागलं ते मला मोजता येत नाही, आणि ते काहीच नव्हतं असं म्हणायचा अधिकार मला नाही. माझ्या 'नाही'ला मी सिद्ध झालं असं म्हणत नाही. तुमच्या लेकालाही पंधराव्या वर्षी 'मला वाटत नाही' असं म्हणायचा पूर्ण हक्क आहे. 'विज्ञानाने सिद्ध केलंय' म्हणायचा नाही.

आता माळ. नाही, घालायला लावू नका. माळ म्हणजे दागिना नव्हे, व्रत आहे. एकादशी, हरिपाठ, वारी, खाण्यापिण्याचे नेम, सगळं तिच्याबरोबर येतं. माळ तुटली तर ओवून होईपर्यंत तोंडात घास न घालणारी माणसं मी पाहिली आहेत. इतकी मोठी गोष्ट सहा वर्षांच्या पोराला कशी घेता येईल? ते व्रत आबांनी त्याच्या वतीने घेतलं होतं. मारून परत घातलीत तर ते तुमच्या ह्यांचं व्रत होईल, आणि त्यांना तर ते नकोच असणार, त्यांना फक्त घरातली कुरबूर बंद व्हायला हवी आहे. पण एक गोष्ट तुमच्या पत्रात होती ती तुमच्या लक्षात आली का? पोराने माळ कोपऱ्यात फेकली नाही, दप्तरात कोंबली नाही. विठोबाशेजारी खुंटीला लावली. देव नाही म्हणणाऱ्याला ती जागा का सापडली, हे त्याला विचारू नका, बिचारा ओशाळेल. त्याला इतकंच सांगा, की खुंटीवरून काढ आणि आबांच्या हातात दे. ज्यांनी घातली त्यांना परत द्यायची असते. आणि देताना बोलायचं, तोंड चुकवायचं नाही: "आबा, तुम्ही घातली म्हणून मी नऊ वर्षं घातली. आता मला वाटत नाही. पुढे वाटलं तर तुमच्याकडेच मागेन." आबा घेतील. कदाचित डोळे पुसतील. तेवढं त्याने बघावं.

तुमच्या ह्यांच्याबद्दल दोनच गोष्टी. मारल्याबद्दल त्यांनी पोराची माफी मागायला हवी, आबांसमोर. आणि अंनिसच्या नावाने ओरडण्यात अर्थ नाही. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत राहिले, की आमचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर लुबाडणाऱ्यांशी आहे. देवाला निवृत्त करा म्हणणाऱ्या श्रीराम लागूंना शेजारी बसवून, 'माझं मत वेगळं आहे' असं सांगत ते कार्यक्रम करायचे. तुमच्या घरात तेवढं जमलं तरी खूप.

डार्विनच्या घरात जमलं होतं. त्याची बायको एमा मनापासून श्रद्धाळू. 1839 मध्ये लग्न झालं तेव्हाच तिला कळलं होतं, की याचा विश्वास ढळतोय. तिने त्याला पत्र लिहिलं. भांडण नव्हतं त्यात, भीती होती: मेल्यावर आपण दोघं एकत्र असणार नाही का? ते पत्र त्याने जन्मभर जपलं आणि त्यावर लिहून ठेवलं, की मी मेल्यावर तुला कळू दे, मी याचं कितीदा तरी चुंबन घेतलंय आणि यावर रडलोय. 1851 च्या एप्रिलमध्ये त्यांची दहा वर्षांची ॲनी गेली. त्यानंतर रविवारी घरचे चर्चमध्ये जात तेव्हा तो त्यांना सोडायला जाई आणि बाहेर फिरत राही. ती आत, तो बाहेर. 43 वर्षं संसार झाला.

तुमचाही एप्रिलच होता.

ताई, हात जोडले तरी आत काही हलत नाही, असं तुम्ही लिहिलंत. ते लिहून लगेच 'नाव छापू नका' म्हणालात, जणू काही चोरी केली. 1630 च्या दुष्काळात तुकोबांचं सगळं गेलं. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. पोरगाही गेला. लोक त्यांचा पुढचा अभंग सांगतात, 'बरें झालें देवा निघालें दिवाळें'. खरं सांगू, मला तो कधी घशाखाली उतरलेला नाही, आणि भाऊ गेलेल्या बाईला तो ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. पण गाथेत आणखी एक अभंग आहे, तो कीर्तनात फारसा ऐकू येत नाही.

माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥
गोष्टी न करी नांव न घें । गेलों दोघें खंडोनी ॥

माझ्यापुरता देव मेला, ज्याला असेल त्याला असो. त्याच्याशी बोलत नाही, नाव घेत नाही, आमचं तुटलं. हे तुकोबांचं आहे. जाणकार याचे अद्वैताचे अर्थ लावतात, लावोत. तुकोबांना ओढूनताणून नास्तिक करायचा माझाही विचार नाही. पण शब्द तर त्यांनी हे लिहिले. तो अबोला त्यांना ठाऊक होता. आणि तरीही गाथा बुडवणारे वेगळे होते, अबोल्यासाठी त्यांना कुणी वारीतून काढलं नाही.

म्हणून दिवा लावताना तुम्ही ढोंग करताय असं समजू नका. वात सारखी करा, तेल घाला, काडी ओढा. हात जोडावेसे वाटत नसतील तर जोडू नका, पदराला पुसा आणि स्वयंपाकघरात जा. कुणी विचारणार नाही. आबांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांना उलटं विचारून बघा, "आबा, 31 वर्षांत चालताना कधी वाटलं का, की पुढे कुणीच नाहीये?" मला वाटतं ते लगेच उत्तर देणार नाहीत.

लेकाला मात्र सांगा. त्याने विचारलंय, "आई, तू सांग." त्याला वाटतंय, घरात आपण एकटे आणि तुम्ही तिघं एकीकडे. त्याला सांगा, "मला ठाऊक नाही रे. मामा गेल्यापासून माझं आणि देवाचं बोलणं बंद आहे. दिवा लावते, कारण आबांना अंधारात हरिपाठ म्हणवत नाही." त्याने मामाला शेवटचं कधी पाहिलं, हॉस्पिटलच्या काचेतून की फोनवर, त्याबद्दल तुमच्या घरात कुणी त्याच्याशी बोललंय का? 2021 मध्ये तो फार लहान होता. माळ उतरवायला उत्क्रांतीचा धडा एकटाच कारण होता की नाही, मला शंका आहे.

आणि पखवाज. 'खोटं खोटं वाजवायचं नाही' म्हणाला, ते मला आवडलं. पण बोल खोटे नसतात. देव मानणाऱ्याने वाजवला काय, न मानणाऱ्याने वाजवला काय, लय चुकली की चुकली. हे मी सांगून पटणार नाही, त्याच्या बोटांनाच आठवण होईल. तुम्ही त्याला 'वाजव' म्हणू नका, आबांनाही म्हणू देऊ नका. डाव्या पुडीला लावायची कणीक तुमच्याच परातीतून जात असणार. रोज संध्याकाळी पोळ्यांची कणीक भिजवाल तेव्हा एक छोटा गोळा वाटीखाली झाकून ठेवा. मागायला आला तर द्या. नाही आला तर त्याची पोळी लाटा, त्यालाच वाढा.